बोटांनी लिहायचं, कानांनी तपासायचं

कुठल्याही कीबोर्डवर एफ आणि जे या दोन कळांवर बारीक उंचवटा असतो. डोळस माणसाचं तिकडे सहसा लक्ष जात नाही. दृष्टिहीन माणूस मात्र कीबोर्ड पुढ्यात आला की सगळ्यात आधी तोच चाचपतो. दोन्ही तर्जन्या तिथे टेकल्या की बाकीच्या कळांचा पत्ता लागतो. संगणकावर मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड सुरू असेल, तर डाव्या तर्जनीखाली ह्रस्व वेलांटी येते आणि उजव्या तर्जनीखाली र.

उजवा हात मधल्या ओळीवरून पुढे सरकवला की क्रमाने प, र, क, त, च, ट लागतात. यातला र सोडला तर बाकी सगळी आपापल्या वर्गातली पहिली अक्षरं. तीच कळ शिफ्टसह दाबली की फ, ख, थ, छ, ठ. बोट एक ओळ वर नेलं की ब, ग, द, ज, ड आणि तिथेही शिफ्टसह भ, घ, ध, झ, ढ. डाव्या हाताकडे काना, मात्रा, वेलांट्या, उकार. ज्याला वर्णमाला पाठ आहे त्याला हा कीबोर्ड निम्मा आधीच येत असतो. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये ही रचना प्रमाणित केली, ती सगळ्या भारतीय लिपींना एकच कीबोर्ड असावा म्हणून. दृष्टिहीनांचा विचार तिच्या मुळाशी नव्हता. तरीही मराठीत लिहू पाहणाऱ्या दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या हाती पडलेली ही फार मोलाची गोष्ट आहे.

ती का, हे बुलढाणा जिल्ह्यातल्या दोन गावांच्या नावांवरून कळेल. पहिलं शेगाव. ब्रेलमध्ये हा शब्द पाच घरांचा होतो: श (टिंब १, ४, ६), ए (१, ५), ग (१, २, ४, ५), आ (३, ४, ५), व (१, २, ३, ६). इनस्क्रिप्टमध्येही श, मात्रा, ग, काना, व अशा पाचच नोंदी, त्याच क्रमाने. संगणकाच्या पोटात युनिकोड साठवतो तेही याच क्रमाने. बोलताना जो आवाज आधी, तो लिहितानाही आधी. दुसरं नाव चिखली. छापील अक्षरांत वेलांटी चच्या डावीकडे दिसते, म्हणून जुन्या मराठी टाइपरायटरवर ती आधी उमटवायची आणि मग च. डोळ्यांनी वाचणाऱ्याला त्यात काही खटकत नाही. पण जो शाळेत ब्रेलवर आधी च आणि मग इ असं लिहायला शिकलाय, त्याला हा उलटा क्रम बोचतो. इनस्क्रिप्टमध्ये तो सुलटा होतो. जोडाक्षराचा अपवाद तेवढा लक्षात ठेवावा लागतो: भारती ब्रेलमध्ये पाय मोडल्याची खूण जोडाक्षराच्या आधी येते, इनस्क्रिप्टमध्ये पहिल्या व्यंजनानंतर.

टाइपरायटरचा तो दृश्य क्रम पुढे संगणकावरच्या जुन्या फाँटांतही आला आणि त्याचे परिणाम अजून भोगावे लागत आहेत. युनिकोड रुळण्यापूर्वीच्या फाँटांमध्ये पडद्यावर क दिसत असला, तरी संगणकात साठवलेलं असायचं एखादं रोमन अक्षर नाहीतर चिन्ह. फाँट त्यावर फक्त कचा मुखवटा चढवायचा. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी संगणकप्रणाली, मुखवटा पाहत नाही. ती आतलं अक्षर वाचते. अशा फाँटमध्ये टाइप केलेलं पत्र किंवा प्रश्नपत्रिका दृष्टिहीन माणसाने उघडली की कानावर रोमन अक्षरांचा निरर्थक खच पडतो. कागदावर छापून बघणाऱ्याला मात्र ते पत्र अगदी शुद्ध मराठीत असतं. मजकूर युनिकोडमध्ये आहे की नाही हा तांत्रिक तपशील वाटतो, पण एका माणसाला तो मजकूर मिळणार की नाही हे त्यावर ठरतं.

दृष्टिहीनांच्या लेखनसाधनांचा इतिहास पाहिला की एक प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो. लिहिता तर आलं. पण जे लिहिलं ते लिहिणाऱ्याला स्वतःला तपासता येतं का?

इटलीत १८०८ च्या सुमारास पेलेग्रिनो तुर्री याने कॅरोलिना फांतोनी या दृष्टी गेलेल्या सरदारकन्येसाठी एक टंकयंत्र बनवलं. जगातल्या पहिल्या काही टंकयंत्रांत त्याची गणना होते, आणि कार्बन पेपरच्या पहिल्या वापरांपैकी एकही तिथलाच. यंत्र उरलं नाही, पण त्यावर लिहिलेली काही पत्रं आजही जपलेली आहेत. आपलं खासगी पत्र कोणाला सांगून लिहून घ्यायची वेळ तिच्यावर आली नाही, ही त्या काळी केवढी मोठी गोष्ट. मात्र कागदावर उमटायची शाई. चुकीची कळ दाबली गेली तर ते तिला कळायला मार्ग नव्हता.

ब्रेलची स्लेट आली आणि कागदावर बोटांना वाचता येणारी टिंबं उठू लागली. पण स्लेटमध्ये कागद अडकवून स्टायलसने टोचायचं ते मागच्या बाजूने, त्यामुळे उजवीकडून डावीकडे आणि प्रत्येक अक्षर उलटं लिहावं लागतं. लिहिलेलं वाचायचं तर कागद काढून पालथा करायचा, वाचायचा आणि पुन्हा त्याच ओळीवर नेमका बसवायचा. लहान मुलांची यात किती दमछाक होते हे ब्रेल शिकवणाऱ्या शिक्षकांना विचारावं. अमेरिकेतल्या पर्किन्स शाळेसाठी डेव्हिड अब्राहम यांनी घडवलेलं ब्रेलर यंत्र १९५१ मध्ये बाजारात आलं, त्याने ही अडचण सोडवली. सहा टिंबांच्या सहा कळा, एक मोकळ्या जागेची. अक्षर दाबताच टिंबं वरच्या बाजूला उठतात, आणि ओळ पुरी होण्याची वाट न पाहता बोट टेकवून वाचता येतात. योगायोग असा की सगळ्या भारतीय भाषांसाठी एकच भारती ब्रेल स्वीकारली गेली तीही १९५१ सालीच. पुढे महाराष्ट्रात १५ फेब्रुवारी २००८ रोजी स्वागत थोरात यांनी ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केलं आणि मराठी दृष्टिहीन वाचकांच्या हाती हक्काचं नियतकालिक आलं. वाचण्याची बाजू अशी हळूहळू भरत गेली. लिहिण्याची बाजू मागे राहिली.

बुलढाणा-अमरावतीच्या वऱ्हाडाला या बाबतीत एक थोर पूर्वज आहे. प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज. जन्म १८८१ चा, अमरावती जिल्ह्यातला. दृष्टी तान्हेपणीच गेली. १९१५ मध्ये, वयाच्या पस्तिशीच्या आत, ते गेले, आणि तेवढ्या आयुष्यात त्यांनी शंभरावर ग्रंथ मागे ठेवले. ग्रंथ दुसऱ्यांकडून वाचून घ्यायचे, कानांनी साठवायचे आणि आपले ग्रंथ सांगून लिहून घ्यायचे, अशी त्यांची रीत. असामान्य स्मरणशक्ती आणि जिवाला जीव देणारे शिष्य हे दोन्ही लाभलं म्हणून ते घडलं. सामान्य विद्यार्थ्याकडे यातलं काहीच नसतं. त्याच्याकडे असतो परीक्षेपुरता मिळालेला एक लेखनिक.

बुलढाणा जिल्ह्यातला दृष्टिहीन मुलगा दहावी-बारावीला अमरावती विभागीय मंडळाच्या परीक्षेला बसतो, पुढे पदवीला संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या. बहुतेक वेळा पेपर त्याच्यासाठी दुसरा कोणीतरी लिहितो. सार्वजनिक परीक्षांसाठी केंद्र सरकारने २९ ऑगस्ट २०१८ रोजी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ होता, आणि उमेदवाराने स्वतःचा लेखनिक आणला तर त्याचं शिक्षण उमेदवारापेक्षा एक पायरी कमी असावं अशी अट होती. त्याच तत्त्वांमध्ये आणखी एक गोष्ट होती, जिच्याकडे फारसं कोणी पाहिलं नाही: पेपर ब्रेलमध्ये, संगणकावर, मोठ्या अक्षरांत किंवा उत्तरं ध्वनिमुद्रित करून, यांपैकी कशा पद्धतीने द्यायचा हे निवडण्याची मुभा उमेदवाराला हवी. संगणक वापरायचा असेल तर तो एक दिवस आधी तपासून पाहू द्यावा, असंही तिथे म्हटलं होतं.

कागदावरची ही मुभा प्रत्यक्षात येत नाही, कारण मुलाला संगणकावर मराठी लिहायला कोणी शिकवलेलंच नसतं. मग लेखनिकाने उत्तरात काय गाळलं, ‘सिंदखेड राजा’ नीट लिहिलं की नाही, परिच्छेद कुठे पाडला, हे सगळं विश्वासावर सोडावं लागतं. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांनी जॉज या स्क्रीन रीडरच्या आधाराने अभ्यास केला आणि केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०१६ च्या परीक्षेत १२४ वा क्रमांक मिळवला. पण उत्तरपत्रिका लिहायला त्यांनाही लेखनिक लागला, आणि आपल्या विचारांच्या वेगाने लिहू शकेल असा लेखनिक शोधणं हाही त्यांच्या तयारीचाच भाग होता.

स्क्रीन रीडर दोन प्रमुख. टेड हेन्टर यांनी १९८९ मध्ये डॉस संगणकांसाठी आणलेलं जॉज, आणि ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने २००६ मध्ये लिहायला घेतलेलं एनव्हीडीए. पहिलं महाग, दुसरं मोफत. तालुक्याच्या गावात जुन्या संगणकावर शिकणाऱ्या मुलासाठी हा फरक फार मोठा आहे. दोन्हींत टाइप करताना प्रत्येक अक्षर किंवा प्रत्येक शब्द बोलून दाखवण्याची सोय असते. बाणाची कळ दाबत एकेक अक्षर मागे जाऊन ऐकता येतं. लिहिलेलं तपासण्याची सोय इथे पहिल्यांदाच खऱ्या अर्थाने पूर्ण होते.

मराठीत मात्र कान काही ठिकाणी हात टेकतो. दिन म्हणजे दिवस आणि दीन म्हणजे गरीब; संगणकाच्या आवाजात या दोन शब्दांतला फरक पुसट होतो. श आणि षचं तेच. खुद्द जिल्ह्याचं नाव बुलडाणा आणि बुलढाणा अशा दोन्ही तऱ्हांनी छापलेलं आढळतं, आणि भरभर बोलणाऱ्या यंत्राच्या तोंडून ड की ढ हे ओळखायला कान तीक्ष्ण लागतो. शब्द नुसता वाचून दाखवला तर चूक निसटते. अक्षरागणिक वाचताना ‘ह्रस्व वेलांटी’, ‘दीर्घ वेलांटी’, ‘पोटफोड्या ष’ असं शाळेतल्या शब्दांत सांगितलं गेलं, तरच ती सापडते. इथे पुन्हा इनस्क्रिप्टची रचना मदतीला येते. मधल्या ओळीवर ह्रस्व वेलांटी आणि तिच्या वरच्या ओळीत दीर्घ. ह्रस्व उकाराच्या वर दीर्घ उकार. कानाला जो फरक लागत नाही तो बोटाला लागतो. शिकवताना हे मुद्दाम दाखवलं पाहिजे.

काही चुका तर डोळ्यांनाही दिसत नाहीत. ‘बँक’ हा शब्द चंद्रबिंदूचं एकच चिन्ह देऊन लिहिता येतो, आणि आधी अर्धचंद्र मग अनुस्वार अशी दोन चिन्हं देऊनही. छापून आल्यावर दोन्ही जवळपास सारखे दिसतात. ‘ॲप’मधल्या पहिल्या अक्षराचीही अशीच दोन रूपं आहेत. संगणकासाठी हे वेगवेगळे शब्द आहेत. डोळस माणूस पानावर नजर फिरवून हवं ते शोधतो, दृष्टिहीन माणूस शोधपेटीत शब्द टाकून शोधतो. आणि लिहिणाऱ्याने एक रूप वापरलं, शोधणाऱ्याने दुसरं, तर काहीच सापडत नाही. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांच्यातही अशीच गफलत होते. घाटाच्या वळणांवरच्या दऱ्यांबद्दल निबंध लिहिणाऱ्या मुलाने र ऐवजी शिफ्टसह र दाबून ऱ घेतला नाही, तर त्या दऱ्यांचा समुद्र होतो.

मग आले फोन. एफ आणि जेचे उंचवटे गेले, हाती आली सपाट काच. कळच नाही तर चाचपायचं काय?

या प्रश्नाचं एक सुंदर उत्तर पुण्यात वाढलेल्या माणसाने दिलं. टी. व्ही. रामन यांचा जन्म १९६५ चा, पुण्यातला. काचबिंदूने चौदाव्या वर्षी दृष्टी गेली. पुण्याच्या नौरोसजी वाडिया महाविद्यालयात गणित, मग मुंबईच्या आयआयटीत संगणकशास्त्र आणि पुढे अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात डॉक्टरेट. प्रबंधाचा विषय होता गणिती मजकूर आवाजातून ऐकवणारी प्रणाली. २००५ मध्ये ते गूगलमध्ये गेले. तिथे चार्ल्स चेन यांच्याबरोबर त्यांनी अँड्रॉइड फोनसाठी नंबर फिरवण्याची एक रीत बनवली. फोनवर आकड्यांची मांडणी ठरलेली असते आणि मधोमध ५ असतो. रामन यांनी ठरवलं की काचेवर बोट जिथे टेकेल तिथेच ५ समजायचा. बोट वर सरकवलं की २, डावीकडे वर १, खाली ८. कळ शोधायचीच नाही. कळच बोटाखाली येते. आणि आकडा चुकला तर फोन हलवायचा, शेवटचा आकडा पुसला जातो. चूक सुधारायची सोय त्यांनी नंतर जोडायची म्हणून ठेवली नाही, पहिल्यापासून रचनेतच घेतली.

आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर २००९ मध्ये आलं, अँड्रॉइडवर टॉकबॅक. काचेवर बोट फिरवत जायचं, खाली आलेलं अक्षर फोन बोलतो, हवं ते ऐकू आलं की बोट उचलायचं किंवा दोनदा टिचकी मारायची. पद्धत साधी, पण संथ. इंग्रजीची अक्षरं २६. मराठीची त्याच्या दुपटीच्या घरात, शिवाय मात्रा. ती सगळी एवढ्याशा काचेवर बसवायची म्हणून काही कीबोर्ड अर्धी अक्षरं दुसऱ्या थरात लपवतात, तर काहींत व्यंजन दाबताच स्वरांच्या जागी मात्रा येतात. जागा ध्यानात ठेवून लिहिणाऱ्याच्या पायाखालची जमीनच ही अदलाबदल काढून घेते. डोळस माणसाला सोयीचा वाटणारा बदल दृष्टिहीनाला अडथळा होऊ शकतो, हे कीबोर्ड घडवणाऱ्याच्या ध्यानात सहज येत नाही.

मुंबईच्या आयआयटीतल्या आयडीसी या अभिकल्प विभागात प्रा. अनिरुद्ध जोशी आणि सहकाऱ्यांनी केलेला ‘स्वरचक्र’ कीबोर्ड २०१३ पासून मोफत मिळू लागला. त्यात व्यंजनं वर्णमालेच्या क्रमाने ओळीत मांडलेली आहेत. एखाद्यावर बोट टेकवलं की भोवती त्या व्यंजनाच्या बाराखडीचं चक्र उघडतं, आणि बोट हव्या त्या दिशेला सरकवलं की का, कि, की, कु उमटतं. वर्णमालेचा क्रम आणि दिशेची सवय या दोन्ही गोष्टी न पाहता लिहिणाऱ्याच्या उपयोगाच्या आहेत. अडचण येते ती टॉकबॅक सुरू केल्यावर. ‘बोट सरकवणे’ या खुणेला स्क्रीन रीडरने आधीच स्वतःचा अर्थ देऊन ठेवलेला असतो, त्यामुळे असा कीबोर्ड दृष्टिहीनांसाठी जशाच्या तसा चालत नाही, त्याच्या खुणा नव्याने बसवाव्या लागतात.

दुसरा रस्ता पुन्हा ब्रेलकडे जातो. २०१४ मध्ये आयफोनवर आणि एप्रिल २०२० मध्ये टॉकबॅकमध्ये पडद्यावरचा ब्रेल कीबोर्ड आला. फोन आडवा धरून पडदा समोरच्या माणसाकडे वळवायचा, दोन्ही हातांची तीन-तीन बोटं काचेवर टेकवायची आणि पर्किन्स यंत्राप्रमाणे टिंबं एकदम दाबायची. ६३ आकृत्यांत सगळी बाराखडी बसते, कळ शोधावी लागत नाही. शाळेत ब्रेल पक्की झालेल्या मुलांसाठी ही फार वेगवान रीत आहे. पण दृष्टी मोठेपणी गेलेल्यांना, मधुमेहाने किंवा अपघाताने अंधत्व आलेल्यांना, ब्रेल येत नसते. आणि ज्याच्या एका हातात पांढरी काठी आहे, त्याला रस्त्यात सहा बोटं मोकळी कुठून मिळणार?

यावर हमखास सुचवला जाणारा उपाय म्हणजे बोलून लिहिणे. हल्ली फोन मराठीही ऐकून लिहितो, मग कीबोर्ड हवा कशाला? शिरी एझनकोट आणि निकोल ली यांनी २०१३ मध्ये अमेरिकेत केलेला एक अभ्यास इथे डोळे उघडणारा आहे. दृष्टिहीन वापरकर्ते बोलून लिहिताना कीबोर्डपेक्षा जवळपास पाचपट वेगाने लिहीत होते. पण त्या वेळातला सुमारे ८० टक्के वेळ यंत्राने चुकीचं ऐकलेलं शोधून दुरुस्त करण्यात जात होता. तेही इंग्रजीत, जिथे ही यंत्रं सर्वांत जास्त शिकलेली आहेत.

बुलढाण्यात घाटावरची बोली वेगळी, घाटाखालची वेगळी. नांदुरा-जळगाव जामोदकडचा माणूस ‘मला’ऐवजी ‘मले’ म्हणेल, ‘डोळा’चा ‘डोया’ करेल, ‘काळा’चा ‘काया’. प्रमाण मराठी ऐकून शिकलेलं यंत्र त्याचं काय लिहील याचा भरवसा नाही, आणि दृष्टिहीन माणसाला ते ऐकूनच शोधायचं आहे. शिवाय बसस्टँडवर, बँकेच्या रांगेत, वर्गात सगळं मोठ्याने बोलून लिहिता येत नाही. डॉक्टरला लिहायचा निरोप, पगाराचा आकडा, पासवर्ड हे बोलून कसं लिहिणार? आवाज ही चांगली सोय आहे. कीबोर्डची जागा ती घेऊ शकत नाही.

हे सगळं ध्यानात घेतलं तर दृष्टिहीनांसाठीच्या मराठी कीबोर्डची चाचणी कशी करावी हा प्रश्न उरतो, आणि खरी कसोटी तिथेच आहे. लेखनाचा वेग मोजायची जगभरची रूढ रीत इंग्रजीतून आलेली आहे. पाच अक्षरं म्हणजे एक शब्द धरायचा आणि मिनिटाला किती शब्द ते मोजायचे. मॅकेन्झी आणि सौकोरेफ यांनी २००३ मध्ये यासाठी ५०० छोट्या वाक्यांचा इंग्रजी संच दिला, तो आजही वापरतात. मराठीत आधी अक्षर म्हणजे काय तेच ठरवावं लागतं. क्ष हे डोळ्यांना एक अक्षर; संगणकात मात्र क, पाय मोडल्याची खूण आणि ष अशा तीन नोंदी. कोणती मोजणी धरली हे सांगितल्याशिवाय मराठीतल्या वेगाच्या आकड्याला अर्थ नाही.

शिवाय डोळस माणसाला वाक्य समोर दाखवून उतरवायला सांगता येतं. दृष्टिहीनाला ते ऐकवावं लागतं, म्हणजे शुद्धलेखन त्याच्या स्मरणातून येणार. त्याने ‘पाणि’ लिहिलं तर दोष कीबोर्डचा की शाळेत ब्रेलची पुस्तकं पुरेशी न मिळाल्याचा? परीक्षकाने शेवटी विचारून घ्यावं: तुम्हाला कोणती वेलांटी द्यायची होती? हवी होती ती उमटली नसेल तरच ती कीबोर्डची चूक.

डोळस स्वयंसेवकांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून चाचणी उरकण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळलाच पाहिजे. पट्टी बांधलेला माणूस पाच मिनिटांपुरता अंधारात असतो. रोज स्क्रीन रीडर वापरणाऱ्याचा कान दुप्पट वेगाने बोलणारा आवाज सहज पकडतो, त्याची बोटं पडद्याचा नकाशा पाठ करून ठेवतात, आणि त्याच्या अडचणीही वेगळ्याच असतात. तसंच पहिल्या दिवशीच्या निकालावर कीबोर्ड नापास करू नये. नवी रचना हातात बसायला बरेच दिवस लागतात, म्हणून तेच लोक पुन्हा पुन्हा बोलावून त्यांची प्रगती पाहावी लागते. जन्मापासून दृष्टिहीन, नंतर दृष्टी गेलेले, ब्रेल जाणणारे, न जाणणारे असे सगळे त्यात हवेत. आणि चाचणी शांत खोलीतच नको. खामगावच्या बसस्टँडवर दुपारी, एका हातात काठी असताना, एकाच कानात इअरफोन घालूनही ती व्हायला हवी. रस्त्यावर दुसरा कान गाड्यांसाठी मोकळा ठेवावा लागतो.

वाक्यंही इथल्या जगण्यातली हवीत. ‘मोताळ्याहून मलकापूरची गाडी किती वाजता आहे’, ‘सोयाबीनचे पैसे बँकेत जमा झाले का’, ‘लोणारच्या सरोवराचं पाणी खारं आहे’. देऊळगाव राजा, संग्रामपूर, मेहकर ही नावं हवीत. त्यांत जोडाक्षरं आहेत, ळ आहे, दीर्घ उकार आहे. वेग, सुधारलेल्या चुका, राहून गेलेल्या चुका यांची नोंद तर सगळेच ठेवतात. इथे आणखी एक नोंद ठेवली पाहिजे: लिहिणाऱ्याने शेजारच्याला ‘बरोबर आलं का हो?’ असं किती वेळा विचारलं. ज्या कीबोर्डवर हा प्रश्न विचारावा लागत नाही तो चांगला, मग वेग थोडा कमी असला तरी चालेल.

लेखनाची सगळ्यात नाजूक जागा म्हणजे पासवर्ड आणि चित्रातली वेडीवाकडी अक्षरं ओळखायला लावणारा कॅप्चा. पासवर्ड मोठ्याने बोलला तर शेजारी ऐकतात, नुसतं ‘टिंब, टिंब’ म्हटलं तर चूक कळत नाही. कॅप्चा तर चित्रच, स्क्रीन रीडरला वाचताच येत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजी २.२ या वेबसाइटच्या सुलभतेसाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेत लॉगिन करताना माणसाला कोडी सोडवायला किंवा पाठांतर करायला लावू नका, पासवर्ड चिकटवू द्या, असा निकष आहे. भारतातही मानक ब्युरोचं आयएस १७८०२ हे डिजिटल सुलभतेचं मानक आहे, दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रज्ञा प्रसून खटल्यात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला आणि बँका-मोबाइल कंपन्यांच्या ओळख पडताळणीत बदल करायला सांगितले. त्या याचिकाकर्त्यांत एक जण दृष्टिहीन होता.

कायद्याची बाजू अशी भक्कम होत असताना तालुक्याच्या पातळीवर कामाला हात घालता येईल अशी जागा आहे टायपिंग इन्स्टिट्यूट. लिपिक-टंकलेखकाच्या नोकरीला मराठी टंकलेखनाचा मिनिटाला ३० शब्दांचा वेग लागतो, आणि त्यासाठी राज्यभर मुलं सकाळ-संध्याकाळ क्लासला जातात. त्याच संगणकांवर एनव्हीडीए विनाशुल्क बसतं, इनस्क्रिप्ट आधीपासून असतोच. अडतं ते उताऱ्यापाशी. टंकलेखनाच्या परीक्षेत समोरचा उतारा पाहून टाइप करायचा असतो. तोच ब्रेलमध्ये दिला तर एक हात वाचण्यात गुंततो. मोठ्याने वाचून दाखवला तर वाचणाऱ्याच्या वेगावर सगळं अवलंबून. दृष्टिहीन उमेदवाराला उतारा इअरफोनमधून ऐकता यावा, थांबवण्याची आणि मागे जाण्याची कळ त्याच्याच हाती असावी, विशेषनामांची अक्षरं फोडून सांगितलेली असावीत आणि शेवटी लिहिलेलं पुन्हा ऐकून दुरुस्त करायला स्वतंत्र वेळ मिळावा. एवढी व्यवस्था लावायला लागतो एक संगणक, एक इअरफोन आणि आधीच मुद्रित करून ठेवलेला उतारा.